भिंतीपलीकडची टिकटिक

इंजिन अगदी नीट चाललं होतं, आणि तेच धाकटीला खुपत होतं.

पडद्यावरची हिरवी रेषा खाली बसली होती. सगळ्या कारखान्याला हवी होती तशीच. तिच्या वरच्या बाजूला, हातभर अंतर ठेवून, लाल रेषा आखलेली होती. हिरवी तिथवर चढली तर इंजिन थांबवायचं, असं ठरलं होतं. गेल्या आठवड्यात ती चढू लागलीही होती. मग या आठवड्याच्या सुरुवातीला अचानक घसरली, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण मोजणीच्या खोलीत डोकावून धाकटीला म्हणू लागला, "काय मोजणीबाई, बेअरिंग शहाणं झालं ना शेवटी?"

कारखान्यात तिला मोजणीबाई म्हणत आणि तिच्या थोरल्या बहिणीला फोरमनबाई. दोघी सख्ख्या बहिणी, हे फाटकावरच्या रखवालदारापासून सगळ्यांना माहीत होतं. थोरली चाचणीघराची मुख्य. इंजिन चालवायचं, चढवायचं, उतरवायचं ते तिच्या हाताने. इंजिनाला काय होतंय ते सांगायचं काम धाकटीचं. मध्ये एक भिंत. अलीकडे धाकटीची यंत्रं, पलीकडे थोरलीचं टेबल आणि तिच्यासमोरची जाड काच. काचेपलीकडे, काँक्रीटच्या खोलीत, इंजिन.

इथे छोटी टर्बाइन इंजिनं बनत. रुग्णांना उचलून नेणाऱ्या हेलिकॉप्टरांना ती लागत. यंदा त्यातलं मुख्य बेअरिंग बदललं होतं. नवं बेअरिंग वजनाला हलकं होतं, आणि आराखडेवाल्या साहेबांचा त्यावर भारी जीव. पण हेलिकॉप्टर रुग्णाला घेऊन डोंगरावर असताना बेअरिंग कुरकुरू लागलं, तर खाली उतरायला जागा शोधत बसता येत नाही. म्हणून ते किती झिजतं हे आधीच कळायला हवं होतं, आणि झिजायला लागल्याबरोबर कळायला हवं होतं.

त्यासाठी एक युक्ती केली होती. बेअरिंगचं पोलादी कडं दूरच्या एका अणुभट्टीकडे धाडलं होतं. जाताना ते साधं पोलाद होतं, येताना किंचित किरणोत्सारी होऊन आलं. शेजारी उभं राहणाऱ्याला अपाय होऊ नये इतकंच, पण किरण मोजणाऱ्या यंत्राला, म्हणजे मोजकाला, ऐकू जावं इतकं. आता कड्याचा डोळ्यांना न दिसणारा कण जरी झिजला, तरी तो तेलात उतरणार होता. तेल त्याला नळीतून वाहून आणणार होतं. आणि ती नळी धाकटीच्या खोलीत, शिशाच्या विटांनी बांधलेल्या एका घरट्यातून जात होती. आत मोजक बसवलेला. जितके कण, तितकी टिकटिक. तेलातले लोखंडी कण पकडणाऱ्या चुंबकाला किंवा थरथर मोजणाऱ्या काट्याला पत्ताही लागायच्या आधी धाकटीला कळायचं.

आता थोडीफार टिकटिक जगात सगळीकडेच असते. मातीतून येते, आभाळातून येते, भिंतीच्या विटांतूनही येते. ती हिशेबात येऊ नये म्हणून दुसरा एक मोजक समोरच्या त्या मधल्या भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्याजवळ तेल नव्हतं, शिसं नव्हतं. तो फक्त खोलीचं ऐकायचा. तेलाच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा केला की उरेल ती झीज, आणि तीच ती हिरवी रेषा.

गेल्या आठवड्यात रेषा चढताना बघून धाकटीने बैठकीत तोंड उघडलं होतं. चाचणी थांबवून बेअरिंग उघडून बघूया, म्हणाली होती. आराखडेवाल्या साहेबांनी तिला उडवून लावलं होतं. "नवी वस्तू आधी थोडी घासली जाते, मग बसते. नवा बूट पायाला लागतो म्हणून कुणी पाय कापतं का?" सगळे हसले. थोरली तेव्हा बैठकीत नव्हती. ती नवऱ्याबरोबर काही दिवस बाहेरगावी गेली होती. ती परतली आणि रेषा खाली आली. साहेबांनी धाकटीकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. धाकटीने मान खाली घातली आणि कामाला लागली.

त्यापेक्षा तिला दुसरंच लागलं होतं. थोरली तिच्याशी धड वागत नव्हती.

परतल्यावर ती धाकटीच्या घरी आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. धाकटीची मुलगी "मावशी" करत धावली, तर थोरली चक्क मागे सरली. ही तीच मावशी, जी पोरीला कडेवरून खाली उतरू द्यायची नाही. "सर्दी झालीय गं मला, लांब राहा," म्हणाली, आणलेलं खेळणं पायरीवर ठेवलं आणि निघून गेली. शिंक एक नाही की खोकला नाही. कारखान्यातही तेच. उपाहारगृहात एकटीच कोपऱ्यातलं टेबल धरून बसायची. धाकटी ताट घेऊन जवळ गेली तर म्हणाली, "तू बस तिकडे. मला जरा एकटीला बसू दे."

धाकटीने मनाशी निष्कर्ष काढून टाकला. बैठकीतलं हिच्या कानावर गेलंय. तिच्या चाचणीवर मी तिच्या पाठीमागे बोलले, याचा राग आलाय. मग तीही फुगली. बहिणींचे रुसवे असे असतात की कोण आधी बोलणार याचीच वाट बघण्यात दिवस जातात.

रेषेतली गंमत तिच्या लक्षात आली ती या रुसव्यातच. उपाहारगृहात जायचा कंटाळा आला म्हणून ती पडद्यासमोरच डबा उघडून बसली होती. इंजिन चालूच होतं. जेवायच्या सुट्टीत थोरलीच्या जागी मिस्त्रीकाका बसत. ते निवृत्तीला टेकलेले, पण इंजिनाशी बोलल्यासारखं काम करणारे. पहिला घास तोंडात गेला आणि हिरवी रेषा उचलली. एकदम नाही, पण उचलली. टेकडी चढावी तशी चढली, वर थोडा वेळ सपाट राहिली आणि सुट्टी संपताच पुन्हा खाली येऊन बसली.

धाकटीने मागचे दिवस काढून बघितले. रोज जेवायच्या वेळी तीच टेकडी. पूर्ण दिवसाची सरासरी काढताना ती कुठे दिसतच नव्हती. आणि खरी काळजीची गोष्ट ही, की प्रत्येक दिवसाच्या टेकडीचा माथा आदल्या दिवशीपेक्षा उंच होता.

जेवणाच्या वेळी बेअरिंग जास्त झिजतं, हे कुणाला सांगणार? तिने आधी विजेवर संशय घेतला. उपाहारगृहातल्या मोठ्या भट्ट्यांमुळे विजेचा दाब हलत असेल. वायरमनला बोलावलं, त्याने तपासलं, काही नव्हतं. मग वाटलं, पंखा, लिफ्ट, सफाईचं यंत्र. एकेक करून सगळं बाद झालं. शेवटी तिने दोन्ही मोजकांचे आकडे वेगवेगळे करून मांडले. सुट्टीत तेलाचा आकडा वाढत नव्हता. खोलीचा आकडा कमी होत होता.

म्हणजे बाकी दिवसभर खोलीत काहीतरी जास्त टिकटिकत होतं. ते वजा होत होतं, म्हणून झीज कमी दिसत होती.

त्या दिवशी इंजिन पूर्ण ताकदीवर नेणार होते. जेवणानंतर. आराखडेवाले साहेब स्वतः थोरलीच्या मागे येऊन उभे राहणार होते.

सुट्टी संपली आणि खोलीचा आकडा पुन्हा चढला, तसं धाकटीने हातात धरायचं छोटं यंत्र उचललं. टीव्हीच्या रिमोटपेक्षा जरा मोठं असेल. ते टिकटिक मोजायचं आणि ती कुठल्या पदार्थाची आहे तेही पडद्यावर लिहायचं. भिंतीशी नेलं तर ते कुरकुरू लागलं. खाली नेलं तर वाढलं, डावीकडे नेलं तर वाढलं, आणि जिथे ते सर्वांत जास्त बोलत होतं तिथे, भिंतीच्या अगदी पलीकडे, थोरलीची खुर्ची होती.

तेल गळलंय. तिच्या मनात पहिलं हेच आलं. नळी कुठेतरी फुटलीय आणि त्या भिंतीत तेल मुरतंय, आणि ताई दिवसेंदिवस त्याला पाठ टेकून बसलीय. रुसवाफुगवा कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात पलीकडून इंजिनाचा सूर चढायला लागला. ताकद वाढवायला सुरुवात झाली होती.

ती धावतच पलीकडे गेली. थोरली टेबलाशी बसली होती, एक हात ताकदीच्या दांड्यावर. साहेब मागे उभे. मिस्त्रीकाका बाजूच्या स्टुलावर, कानावरचा आवाजरोधक एका बाजूने सरकवून. कोपऱ्यातल्या पडद्यावर धाकटीची हिरवी रेषा इथेही दिसत होती, खाली, गुणी बाळासारखी.

"काय गं?" थोरलीने मागे न बघताच विचारलं.

"काही नाही. नळ्या बघतेय. गळतीचा संशय आहे."

"आत्ता?"

"आत्ताच."

धाकटी वाकून टेबलाखाली शिरली. यंत्र हातात करकरत होतं. नळ्या कोरड्या होत्या. भिंत कोरडी होती. जमिनीवर तेलाचा ठिपका नव्हता. तरी यंत्र खुर्चीशी नेलं की आवाज वाढतच होता. तिने खुर्चीच्या पाठीमागून यंत्र फिरवलं आणि म्हणाली, "ताई, जरा उठतेस? खुर्ची बघायची आहे."

थोरली उठली. काकांना दांडा धरायला सांगून ती खिडकीकडे गेली, धाकटीपासून जमेल तितकी लांब.

खुर्ची गप्प झाली.

धाकटीने यंत्र खुर्चीवर टेकवलं. पाठीवर टेकवलं. काही नाही. मग तिने हात हळूच खिडकीच्या दिशेने वळवला, आणि यंत्र पुन्हा बोलू लागलं. थोरली दोन पावलं सरकली, तसा आवाज तिच्यामागे गेला.

ते खुर्चीत नव्हतं. ते ताईत होतं.

यंत्राच्या छोट्या पडद्यावर आता एक शब्द उमटला होता. बेअरिंगच्या पोलादात जे तयार झालं होतं त्याचं नाव तो नव्हता. तिथे लिहिलं होतं: आयोडीन.

बेअरिंगमध्ये आयोडीन नव्हतं. कारखान्यात कुठेच नव्हतं. असलं किरणोत्सारी आयोडीन रुग्णालयात असतं. गळ्यातली ग्रंथी बेफाम झाली की डॉक्टर ते प्यायला देतात, आणि मग काही दिवस सांगतात, माणसांपासून लांब राहा, लहान मुलांना जवळ घेऊ नका. उंबऱ्यावर ठेवलेलं खेळणं. कोपऱ्यातलं टेबल. हल्ली अंगावर सैल होत गेलेले कपडे, ज्यावर धाकटीने स्वतः म्हटलं होतं, "बारीक झालीस गं, छान दिसतेस." एका क्षणात सगळं तिच्या अंगावर कोसळलं.

तिने वर बघितलं. थोरलीची नजर तिच्या हातातल्या यंत्रावर खिळली होती. तिला कळलं होतं. तिने अगदी थोडी मान हलवली. आत्ता नको.

"काय सापडलं का गळतीचं?" साहेबांनी विचारलं.

"गळती नाहीये." धाकटीचा आवाज तिला स्वतःला ओळखू आला नाही. "पण इंजिन खाली आणायला हवं. लगेच."

"का?"

"रेषा चुकीची आहे. खोलीची मोजणी फुगलीय, ती वजा होतेय. बेअरिंग दिसतंय त्यापेक्षा जास्त झिजलंय."

"फुगली कशाने?"

धाकटीने यंत्राचा पडदा तळहाताने झाकला. बहिणीचं दुखणं चारचौघांत सांगायचं तर ते बहिणीचं होतं, तिचं नव्हतं. आणि नाही सांगायचं, तर काचेपलीकडे ते इंजिन किंचाळत होतं.

साहेब वैतागले. "हे बघा, थरथरीचा काटा जागेवर आहे. चुंबक सकाळी काढला, स्वच्छ आहे. तुमची रेषासुद्धा ठीक आहे म्हणतेय. आणि तुम्ही मात्र म्हणता, सगळं बंद करा आणि कारण विचारू नका."

"चुंबकाला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल, साहेब. त्यासाठीच तर हे सगळं केलं ना आपण?"

"कारण सांगा."

"तिचं बरोबर आहे," थोरली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती खिडकीशी ताठ उभी होती, तशी ती एरवी वरच्या साहेबांसमोर उभी राहायची.

"मोजणी माझ्यामुळे फुगलीय. मला गळ्याच्या ग्रंथीचा आजार आहे. बाहेरगावी गेले होते ती रुग्णालयात गेले होते. मला किरणोत्सारी आयोडीन दिलंय. तिचा मोजक या भिंतीला लागून आहे आणि मी दिवसभर भिंतीच्या या बाजूला बसते. माझ्या डोक्यातच आलं नाही. नाही, डोक्यात आलं होतं. तेलाचा मोजक शिशात आहे, माझे किरण तिथवर पोचणार नाहीत, असं मी मनाला समजावलं. दुसऱ्या मोजकाचा विचार केला नाही."

मिस्त्रीकाकांनी आवाजरोधक पूर्ण काढून गळ्यात टाकला.

"मी बाहेर जाते," थोरली म्हणाली. "पार अंगणाच्या टोकाला. तुम्ही रेषा बघा. काका, दांडा तुमच्याकडेच राहू दे. तसाही माझा हात हल्ली थरथरतो."

हे शेवटचं वाक्य ती इतक्या सहज बोलली, की ते बोलायला तिला किती जड गेलं असेल ते फक्त धाकटीला कळलं. त्या दांड्यावर हात ठेवायला मिळावा म्हणून या बाईने उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

दार लागलं. पावलं लांब गेली. तिघांनी पडद्याकडे बघितलं.

आधी काहीच झालं नाही. मग हिरवी रेषा हलली. टेकडी चढू लागली. रोज जिथे सपाट व्हायची तिथे ती थांबलीच नाही. रेषा लाल रेषेला टेकली, तिच्यावर चढली आणि वरच गेली.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ही त्यांची वस्तू होती, रात्रंदिवस जीव लावून घडवलेली. पण माणूस वाईट नव्हता. "खाली आणा," ते म्हणाले. "काका, खाली आणा. सावकाश."

सावकाशच आणावं लागतं. पूर्ण ताकदीवरचं टर्बाइन फटकन बंद केलं तर तापलेले भाग वेगवेगळे आकसतात आणि एकमेकांना घासून चिकटतात. म्हणून ते पायरीपायरीने उतरवायचं, हळू फिरवत थंड करायचं, आणि मग झोपवायचं. काकांनी दांडा पहिल्या खाचेत ओढला. सूर उतरला. दुसऱ्या खाचेत ओढला. सूर आणखी उतरला. आणि तिसऱ्या खाचेत आल्याबरोबर, इतके दिवस जागचा न हललेला थरथरीचा काटा उसळी मारून अर्ध्यावर गेला.

काचेला बारीक कंप सुटला. टेबलावरचा पाण्याचा पेला आपणहून सरकायला लागला.

"थांबा, थांबा!" साहेब ओरडले. "काय होतंय बघू दे!"

काका थांबले. दांडा तिसऱ्या खाचेतच राहिला आणि काटा वर सरकू लागला. सुरात आता दुसरा एक सूर मिसळला होता, पातेलं खरवडल्यासारखा.

धाकटीच्या खिशातला फोन वाजला. थोरली होती. अंगणाच्या टोकाला उभं राहूनही तिने तो सूर ऐकला होता.

"तिथे थांबलेत का ते?" ती धापा टाकत होती. "स्पीकर लाव. काका! काका, ऐकताय का? त्या वेगावर थांबायचं नाही! बेअरिंग सैल झालंय, त्या वेगाला ते नाचणार! खाली सुटू द्या!"

"ताई, एकदम खाली?"

"पुढच्या दोन खाचा न थांबता ओलांडा! मग थांबा. दांड्याला धक्का देऊ नका, पाण्यात हात फिरवल्यासारखा न्या. आता!"

काकांनी साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. दांडा एका ओघात खाली आला. काटा आणखी उसळला, लाल भागात शिरला, काच खडखडली, वरच्या पट्टीवरून कुठलासा पाना खाली पडला. धाकटीने डोळे मिटून घेतले. मग खरवड कमी झाली. काटा परतला. सूर जाडा झाला, खाली बसला, घोरल्यासारखा चालू राहिला.

"कितीवर आहे?" फोनमधून आवाज.

"शांत आहे," धाकटी म्हणाली. "ताई, शांत आहे."

"तेलाचं तापमान?"

"उतरतंय."

"मग उतरू दे. बंद करायची घाई करू नका. मी इथेच आहे." आणि मग, जरा वेळाने, "फोन ठेवू नकोस."

इंजिन थंड होईपर्यंत धाकटीने फोन कानाला लावून ठेवला होता. इंजिन थांबता थांबता शेवटच्या फेऱ्याला आतून कुरकुर ऐकू आली, जात्यात खडा अडकावा तशी. मग तीही थांबली.

अंगणाच्या टोकाला जुने खोके रचून ठेवलेले होते. थोरली त्यातल्या एकावर बसली होती. धाकटी समोर जाऊन उभी राहिली, तसा थोरलीने हात वर केला. "तिथेच. तिथूनच बोल."

"इतके दिवस मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावलीस."

"कशाबद्दल?"

"मी बैठकीत बोलले म्हणून."

"तू बैठकीत बोललीस?" थोरलीला खरंच माहीत नव्हतं. "काय बोललीस?"

"थांबवा म्हणाले."

थोरली हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "बरोबरच बोललीस की."

"हसू नकोस!" धाकटी भडकली. आता भीती उतरली होती आणि तिच्या जागी संताप चढत होता. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय परकी आहे? तुझं दुखणं मला यंत्राने सांगायचं?"

"तुला सांगितलं असतं, तर तू मला त्या खुर्चीत बसू दिलं असतंस?"

"नाही!"

"मग?"

धाकटी आणखी चिडली. तिथूनच तिने भाऊजींना फोन लावला आणि थोरलीच्या देखत त्यांची बिनपाण्याने केली. भाऊजी पलीकडून एवढंच म्हणत राहिले, "अहो, तिने मला शपथ घातली होती हो. तुमच्या बहिणीला तुम्ही ओळखता ना?"

"हात कधीपासून थरथरतो?" फोन ठेवून तिने विचारलं.

"बरेच दिवस झाले. छातीपण धडधडते. आधी वाटलं, कामाचा ताण. मग डॉक्टर म्हणाले, ग्रंथी जास्त काम करतेय. औषधांनी आटोक्यात येईना, म्हणून हे." थोरलीने हात गुडघ्यांवर ठेवले. ते स्थिर राहत नव्हते, आणि आता ती ते लपवतही नव्हती. "बरं होतं म्हणतात. वेळ लागतो. मला वाटलं, चाचणी पुरी करून मग निवांत सांगावं."

"आणि मध्येच इंजिन फुटलं असतं तर?"

"तेच मनात घोळतंय मगापासून," थोरली म्हणाली.

बेअरिंग उघडलं तेव्हा दोघी तिथे होत्या. धाकटी टेबलाशी, थोरली दाराबाहेर. आराखडेवाल्या साहेबांनी स्वतः भिंग धरलं. कड्याच्या एका बाजूला पोलादाचा पापुद्रा उडून खळगे पडले होते, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे. गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा एका ठिकाणी तडकला होता. साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "तेल या बाजूला पोचतच नव्हतं," ते म्हणाले. "छिद्राची जागा चुकली. माझीच." मग ते दारापर्यंत गेले आणि थोरलीला म्हणाले, "फोरमनबाई, तुम्ही बाहेर गेला नसता तर मी थांबवलं नसतं." थोरली म्हणाली, "मी आत नसते तर तुम्हाला आधीच थांबवावं लागलं असतं." दोघांचंही खरं होतं.

चौकशी झाली. आजार लपवून दांड्यावर बसल्याबद्दल थोरलीला लेखी ताकीद मिळाली, आणि डॉक्टर बरी म्हणेपर्यंत चाचणीघरात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम. तिने वाद घातला नाही. दुसरा मोजकही शिशाच्या घरात गेला. बेअरिंगच्या छिद्राची जागा बदलून नवं कडं अणुभट्टीकडे रवाना झालं. दांड्यावर काका बसले. निवृत्ती पुढे ढकलावी लागली म्हणून ते कुरकुरायचे, पण कुरकुरताना खूश दिसायचे.

धाकटीचा राग मात्र सरळ गेला नाही. भेटली की ती थोरलीला औषध घेतलंस का, झोपलीस का, असं पोलिसासारखं विचारायची, आणि थोरली पोलिसाला द्यावीत तशी उत्तरं द्यायची. एकदा फोनवर कडाक्याचं भांडण झालं. "तू मला लहान समजतेस," धाकटी म्हणाली. "तू आहेसच लहान," थोरली म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस अबोला.

तो मोडला तो थोरलीने. पुढच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, हवेचं बोलली, काकांचं बोलली.

"का फोन केलास?" धाकटीने विचारलं.

"उद्या दवाखान्यात जायचंय," थोरली म्हणाली. "यांना सुट्टी आहे, हे येतील. पण मला... तू येशील का?"

"किती वाजता?"

"सकाळी लवकर."

"येते," धाकटी म्हणाली, आणि वरिष्ठांना रजेचं कळवायला दुसरा फोन शोधू लागली.